एमएक्समधला डीटीएम सिव्हिल थ्रीडी आणि ओपनरोड्समध्ये नेताना आलेला अनुभव

मार्चअखेरीस हातात आलेलं काम जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकदाचं मंजूर झालं, म्हणून आता बसून लिहितेय. विषय तसा छोटा वाटतो, रस्ते डिझाइन करायच्या एका सॉफ्टवेअरमधला (इथे एमएक्स) डीटीएम म्हणजे जमिनीचं डिजिटल मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (सिव्हिल थ्रीडी, ओपनरोड्स) न्यायचं. पण हे काम पहिल्यांदा अंगावर येतं तेव्हा नेमकं काय विचारायचं आणि कुणाला विचारायचं तेच कळत नाही, आणि मराठीत याबद्दल मला काहीच सापडलं नव्हतं.

आधी पार्श्वभूमी. आमचं नागपुरात छोटं ऑफिस आहे, सर, मी आणि एक ड्राफ्ट्समन. काम होतं नेर ते यवतमाळ पट्ट्यातल्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाचं, लांबी तीसेक किलोमीटर. मूळ डिझाइन काही वर्षांपूर्वी एका डिझाइन ऑफिसने एमएक्सरोडमध्ये केलेलं (जुनी मंडळी अजून त्याला मॉसच म्हणतात). कंत्राटदाराची माणसं सिव्हिल थ्रीडीवर काम करतात, तपासणारे सल्लागार ओपनरोड्सवर. म्हणजे जमीन एकच, पण तीन ऑफिसांत तीन सॉफ्टवेअर. कंत्राटदाराने आम्हाला सांगितलं की तिघांकडे एकच जमीन दिसली पाहिजे आणि ती सल्लागारांकडून मंजूर करून द्या, कारण मातीकामाचं बिल त्याच मॉडेलवर निघणार. मापात तफावत आली की बिल अडतं, आणि एकदा अडलं की ते सोडवायला पत्रव्यवहार किती चालतो हे रस्त्याच्या कामात असलेल्या कुणालाही सांगायला नको.

आम्हाला सुरुवातीला मिळालेल्या फोल्डरमध्ये एक लँडएक्सएमएल फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत देवाणघेवाणीसाठीचा फाइल प्रकार), काही ड्रॉइंग आणि एक पीडीएफ रिपोर्ट एवढंच होतं. सर म्हणाले, यावर काम सुरू करायचं नाही, आधी मूळ माल मागव. आम्ही कंत्राटदारामार्फत पत्र दिलं आणि त्यात स्पष्ट लिहिलं की एमएक्सची मॉडेल फाइल हवी, जेनिओ फाइल (एमएक्समधल्या रेषा आणि पॉइंट बाहेर काढलेली फाइल) हवी, सर्व्हेचे कच्चे पॉइंट कोडसकट (कोणता पॉइंट कशाचा ते सांगणारी खूण) हवेत आणि कंट्रोल पॉइंटची (सर्व्हेचा आधार असलेल्या पक्क्या खुणांची) यादी हवी. पत्राला उत्तर यायला तीन आठवडे गेले, कारण डेटा मूळ डिझाइनवाल्यांचा, मालकी खात्याची, आणि परवानगीची सही कुणी करायची यावरच फाइल फिरत राहिली. तुम्हीही हे करणार असाल तर पत्र पहिल्याच दिवशी द्या, आणि 'सर्व संबंधित डेटा द्यावा' असं मोघम लिहू नका, फाइलींचे प्रकार नाव घेऊन लिहा, नाहीतर परत तीच पीडीएफ येते.

या वाट बघण्याच्या काळात मी लँडएक्सएमएल फाइल नुसत्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचली. हे मी सगळ्यांनाच सांगेन, फाइल मोठी असते, उघडायला वेळ लागतो, पण ती साधी अक्षरांची फाइल आहे, वाचता येते. वर एककं लिहिलेली असतात, मग सरफेसचं, म्हणजे त्रिकोणांनी बनलेल्या जमिनीच्या पृष्ठभागाचं नाव, मग पॉइंटची यादी, मग त्रिकोणांची यादी म्हणजे कोणते तीन पॉइंट जोडून त्रिकोण झाला ते. पॉइंटमध्ये आधी नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), मग ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), मग लेव्हल (उंची) असा क्रम असतो. आपण नेहमी एक्स-वाय-झेड म्हणतो त्याच्या उलटं. कुणी घरी स्क्रिप्ट लिहून पॉइंट काढत असेल तर इथेच अदलाबदल होते. ब्रेकलाइन, म्हणजे जमिनीचा उतार जिथे बदलतो त्या रेषा, फाइलमध्ये असतील तर त्या सोर्स डेटा नावाच्या वेगळ्या भागात येतात. आमच्या फाइलमध्ये तो भागच नव्हता, फक्त पॉइंट आणि त्रिकोण.

हे महत्त्वाचं का ते सांगते, कारण निम्मा गोंधळ इथूनच येतो. डीटीएम म्हणजे नुसते पॉइंट नाहीत. तेच पॉइंट वेगवेगळ्या पद्धतीने जोडता येतात आणि प्रत्येक वेळी जमीन वेगळी होते. सर्व्हेवाल्याने नाल्याचा वरचा काठ, खालचा काठ, तळ, रस्त्याची कड, भरावाचा पायथा अशा रेषा धरलेल्या असतात, एमएक्समध्ये त्यांना स्ट्रिंग म्हणतात आणि त्रिकोण करताना त्या रेषा ओलांडून त्रिकोण जात नाही. आता त्या रेषा काढून टाकल्या आणि नुसते पॉइंट दुसऱ्या सॉफ्टवेअरला दिले तर ते आपल्या हिशोबाने जवळचे पॉइंट जोडतं, मग नाल्याच्या एका काठावरचा पॉइंट थेट समोरच्या काठाला जोडला जातो आणि कागदावर नाल्यात बांध उभे राहतात. कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये आधी कुणीतरी नेमकं हेच केलेलं, फाइलमधले पॉइंट काढून नवीन सरफेस बनवलेला. आमचे सर्व्हेवाले भाऊ मूळचे दारव्ह्याकडचे, त्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्या नाल्याले तं पाणीच वाहू देत नाही हो हे. मी सोता उतरलो होतो ना तिथं, तळ सरळ हाय."

एप्रिलच्या शेवटी डेटा आला. मूळ डिझाइन ऑफिसकडे एमएक्सचं लायसन्स चालू होतं म्हणून मी त्यांच्याच ऑफिसात जाऊन बसले आणि त्यांच्या मुलाला सोबत घेऊन एक्सपोर्ट नव्याने केला. यासाठी त्यांनी दिवसाचे पाच हजार घेतले आणि ते मला पूर्ण वाजवी वाटले, कारण त्या मुलाला स्ट्रिंगची नावं पाठ होती. एमएक्समध्ये स्ट्रिंगला चार अक्षरांचं नाव असतं आणि पी ने सुरू होणारी म्हणजे सुटे पॉइंट, त्यांना रेष म्हणून जोडायचं नसतं. जेनिओ फाइल वाचताना हे माहीत नसेल तर सुट्या स्पॉट लेव्हलचीही ब्रेकलाइन होऊन बसते, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकी कोणतं अक्षर कशासाठी हे प्रत्येक ऑफिसचं आपलं असतं, त्यामुळे कोडची यादी मागून घ्याच.

मी दोन वेगळ्या गोष्टी नेल्या. त्रिकोण लँडएक्सएमएलमधून आणि रेषा जेनिओमधून. माझं यावर आता ठाम मत झालंय. ज्या त्रिकोणांवर डिझाइन झालं आणि मापं निघाली तेच त्रिकोण जसेच्या तसे पुढे गेले पाहिजेत, घेणाऱ्याने ते पुन्हा करायचेच नाहीत. पण रेषाही सोबत द्यायच्या, कारण उद्या कुणी दोन नवीन लेव्हल घालून सरफेस दुरुस्त करायला घेतला तर त्याला नाल्याचा काठ कुठे होता ते कळायला हवं. सिव्हिल थ्रीडीसाठी आम्ही त्या रेषा थ्रीडी पॉलीलाइन करून वेगळ्या लेयरवर दिल्या. ओपनरोड्सला एमएक्सची मॉडेल फाइल थेट वाचता येते, त्यामुळे त्यांना तीही दिली, पण मंजुरीसाठी मात्र दोघांना एकच लँडएक्सएमएल, म्हणजे तुलना करताना वाद नको.

सिव्हिल थ्रीडीमध्ये आणल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. एका गावाजवळ तळं आहे, त्याच्या आत सर्व्हे झालेला नाही म्हणून मूळ मॉडेलमध्ये ती जागा रिकामी ठेवलेली. लँडएक्सएमएलमध्ये अशा जागेतले त्रिकोण 'अदृश्य' अशी खूण लावून येऊ शकतात, आणि ती खूण समोरच्या सॉफ्टवेअरने वाचली नाही तर तळं भरून सपाट जमीन होते. तसंच वळणांवर आतल्या बाजूला लांबच लांब त्रिकोण तयार होतात जिथे प्रत्यक्षात सर्व्हेच नाही. म्हणून सर्व्हेची हद्द आणि रिकाम्या जागा यांच्या बंद पॉलीलाइन वेगळ्या द्या आणि क्षेत्रफळ जुळवा. दोन्ही सॉफ्टवेअरमधलं क्षेत्रफळ जुळलं की ही शंका मिटते.

आता कोऑर्डिनेटचा भाग. आमच्या भागातल्या लोकांनी हा नीट वाचा. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) करून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. तिच्या झोन ४३ आणि ४४ यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि ती नेर आणि यवतमाळ यांच्या मधूनच जाते. झोन ४३ मध्ये त्या रेषेवर ईस्टिंग सुमारे ८ लाख १३ हजार येतं आणि झोन ४४ मध्ये त्याच जागेचं सुमारे १ लाख ८७ हजार. आमचा सर्व्हे पूर्ण लांबीत झोन ४३ मध्येच धरलेला, जे बरोबरच आहे, मधेच झोन बदलला तर रस्ता जोडायचा कसा. पण यवतमाळ झोन ४४ मध्ये म्हणून सल्लागारांच्या फाइलला झोन ४४ लावलेला होता, त्यामुळे आमची फाइल भलतीकडे दिसत होती. हे फोनवर मिटलं, तरी नंतर लेखी घेतलं.

दुसरं, झोनच्या कडेला असल्यामुळे ग्रिडवरचं, म्हणजे कोऑर्डिनेटवरून काढलेलं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यात फरक मोठा पडतो. झोनच्या मध्य रेखांशावर स्केल फॅक्टर (ग्रिडवर अंतर किती पट होतं तो आकडा) ०.९९९६ असतो, तीन अंश लांब आपल्या इथे आला की साधारण १.०००८ होतो. समुद्रसपाटीपासूनची उंची धरून हिशोब केला तरी किलोमीटरला सुमारे सत्तर सेंटिमीटर. तीस किलोमीटरला वीस मीटरच्या वर! कंत्राटदाराचा इंजिनिअर म्हणत होता तुमचा रस्ता आमच्या टेपपेक्षा लांब भरतोय, आणि तो खरंच बोलत होता. यात कन्व्हर्जनचा दोष नाही, मॉडेल ग्रिडवर आहे एवढंच, पण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लेव्हल मात्र जीटीएस बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेल्या सरकारी खुणेवरून) आणलेल्या होत्या, हे मी सर्व्हे रिपोर्टमधून खात्री करून घेतलं. जीपीएसची नुसती उंची असती तर आपल्याकडे ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरहून जास्त वेगळी येते, त्यामुळे ती चूक निदान लगेच दिसते तरी.

मेच्या मध्यावर आम्ही पहिलं सबमिशन दिलं. कव्हरिंग लेटर, ट्रान्समिटल फॉर्म (काय काय दिलं त्याची यादी), पेन ड्राइव्ह दोन प्रतींत, आणि पोच घेतली. दोन आठवड्यांनी शेरा आला की तुमचा सरफेस आमच्याकडच्या सरफेसशी जुळत नाही, कृपया खुलासा करावा. तो दिवस खूप वाईट गेला, खरंच. आपण सगळं तपासलेलं असतं, आकडे जुळलेले असतात आणि समोरचा एका ओळीत जुळत नाही म्हणतो, कुठे जुळत नाही ते सांगत नाही. कंत्राटदाराचे फोन सुरू झाले. मी त्यांच्याकडचा सरफेस मागितला, ते द्यायला तयार नव्हते, मग सरांनी स्वतः जाऊन विनंती केली तेव्हा मिळाला.

दोन्ही सरफेस एकावर एक ठेवून सिव्हिल थ्रीडीमध्ये व्हॉल्यूम सरफेस, म्हणजे दोघांमधल्या उंचीच्या फरकाचा सरफेस केला. निव्वळ फरक जवळजवळ शून्य, म्हणजे कट (खोदाई) आणि फिल (भराव) सारखेच. नेरकडच्या सपाट काळ्या रानात लेव्हल एक-दोन सेंटिमीटरमध्ये जुळत होत्या. कुणी निव्वळ आकडा बघून पास केलं असतं असं मॉडेल. पण मी उंचीच्या फरकाप्रमाणे रंग लावले आणि चित्र स्पष्ट झालं. जिथे जिथे रस्ता भरावावर आहे तिथे उत्तरेकडच्या उतारावर सलग लाल पट्टा आणि दक्षिणेकडच्या उतारावर सलग निळा पट्टा. नाल्यांवरही तसंच, एक काठ लाल, समोरचा निळा. लेव्हल चुकली असती तर सगळीकडे एकच रंग आला असता. हे तर आख्खं मॉडेल बाजूला सरकल्याचं लक्षण होतं.

मग कल्व्हर्टचे (रस्त्याखालच्या लहान मोऱ्यांचे) कोपरे दोन्हीकडे मोजले. त्यांचं मॉडेल दक्षिणेला साधारण साडेचार मीटर आणि पश्चिमेला दीड मीटरच्या थोडं वर सरकलेलं, आणि पहिल्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत जवळपास तेवढंच. आमचं नॉर्दिंग २२ लाख ५८ हजार मीटरच्या आसपास आणि ईस्टिंग ८ लाखांच्या घरात. सरकलेलं अंतर भागिले कोऑर्डिनेट केलं तर दोन्हीकडे एकच उत्तर, दहा लाखात दोन. सरांनी आकडा बघितला आणि लगेच म्हणाले, हा फुटाचा घोटाळा आहे.

अमेरिकेत दोन फूट वापरात होते. आंतरराष्ट्रीय फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर, आणि सर्व्हे फूट म्हणजे १२०० भागिले ३९३७ मीटर, जो दहा लाखात दोन भागांनी मोठा आहे. तिथे २०२२ च्या अखेरीस सर्व्हे फूट अधिकृतपणे बंद केला, पण सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या तयार सीड फाइलींमध्ये (नवी फाइल जिच्यावरून सुरू होते ती) तो अजून भेटतो. झालं असं होतं की कुठल्यातरी टप्प्यावर मीटरमधली फाइल सर्व्हे फुटाच्या सीड फाइलमध्ये उघडली गेली, तिथून फुटात बाहेर काढली आणि पुढच्या माणसाने ती साध्या फुटाने गुणून परत मीटरमध्ये आणली. लेव्हल साडेतीनशे-साडेचारशे मीटरच्या, त्यामुळे उंचीत फरक एक मिलिमीटरही नाही, पण लाखांच्या कोऑर्डिनेटमध्ये तोच फरक काही मीटरचा होतो. लँडएक्सएमएलच्या एककांच्या ओळीत या दोन फुटांची नावं वेगवेगळी असतात, म्हणून ती ओळ वाचा म्हणते मी. आपल्या देशात सगळं काम मीटरमध्ये असताना फूट कुठून येणार असं वाटतं, तर तो असा येतो, टेम्पलेटमधून. सिव्हिल थ्रीडीतही नवीन ड्रॉइंग सुरू करताना मेट्रिक टेम्पलेट आहे ना हे आधी बघून घ्या.

आम्हाला कारण कळलं, पण सल्लागारांना ते पटवायचं कसं, कारण त्यांच्याकडचाच सरफेस सरकलाय असं पत्रात लिहिणं सोपं नसतं. सरांचं म्हणणं होतं की वाद घालायचाच नाही, जमिनीवर मोजू आणि त्यांच्या माणसासमोर मोजू. जूनचा पहिला आठवडा, पाऊस तोंडावर, एकदा काळी माती भिजली की पायसुद्धा उचलत नाही, आणि पेरणी झाली की शेतकरी रानात शिरू देणार नाही, आणि बरोबर आहे त्यांचं. सर्व्हेवाले भाऊ जीपीएस आणि टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) घेऊन आले, टीमचा दर दिवसाला साडेसात हजार आणि गाडी वेगळी. आम्ही मुद्दाम अशाच जागा निवडल्या जिथे आडवा सरकल्याचा फरक दिसतो, कल्व्हर्टच्या हेडवॉलचे (तोंडाच्या भिंतीचे) कोपरे, भरावाचा पायथा, नाल्याचा तळ, शिवाय मूळ सर्व्हेचे खांब. सपाट शेतात एकही पॉइंट घेतला नाही, तिथे घेऊन काही सिद्धच होत नाही. सल्लागारांचा तरुण इंजिनिअर सोबत होता, त्याने स्वतः वहीत आकडे लिहून घेतले आणि हेडवॉलचा दुसरा कोपरा मोजल्यावर तोच म्हणाला, "मॅम, आमचंच शिफ्ट झालंय वाटतं." मला त्या मुलाचं खूप कौतुक वाटलं. तिथून पुढे सगळं सोपं झालं, कारण आता प्रश्न दोन ऑफिसांचा राहिला नाही, तिघं मिळून सोडवायचा झाला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरं सबमिशन दिलं, आणि यावेळी सोबत एका पानाची टीप जोडली. त्यात लिहिलं की डेटम (कोऑर्डिनेटचा आधार) डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर, पूर्ण लांबीत हाच झोन, एकक मीटर, अंतरं ग्रिडवरची आहेत जमिनीवरची नाहीत, लेव्हल जीटीएस बेंचमार्कवरून. मग पॉइंटची संख्या, त्रिकोणांची संख्या, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त लेव्हल, क्षेत्रफळ, आणि जागेवर मोजलेल्या पॉइंटचा तक्ता, मोजलेली लेव्हल आणि मॉडेलमधली लेव्हल शेजारी शेजारी. फाइल पाच-पाच किलोमीटरचे तुकडे करून दिली कारण त्यांच्या मशीनवर पूर्ण फाइल अडकत होती, आणि प्रत्येक तुकडा पुढच्यावर थोडा चढवला, म्हणजे सांध्यावर फट राहत नाही. मापं काढताना मात्र तुकड्याची हद्द नेमक्या चेनेजवर (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरावर) धरायची, नाहीतर चढवलेल्या भागाची माती दोनदा मोजली जाते.

उत्तर यायला जुलैचा शेवट उजाडला, त्यात सल्लागारांच्या टीम लीडरची सुट्टी, मग खात्याची बैठक पुढे गेली, मग एक किरकोळ शेरा की फाइलच्या नावात रिव्हिजन नंबर नाही. तो घातला, परत पोच घेतली. या मधल्या काळात कंत्राटदाराला आम्ही आठवड्याला एक ईमेल टाकत होतो, फाइल कुणाच्या टेबलावर आहे एवढाच. त्याने फोन कमी झाले आणि आम्हालाही तारखा लिहून राहिल्या, बिलासोबत जोडायला त्याच उपयोगी पडल्या. मंजुरीपत्रात आमच्या लँडएक्सएमएल फाइलचं नाव, तारीख आणि आकार तिन्ही छापून घेतलं. हे आग्रहाने करा, नाहीतर सहा महिन्यांनी त्याच नावाची चार वेगवेगळी मॉडेल फिरत असतात.

आता कंत्राटदाराच्या सिव्हिल थ्रीडी ड्रॉइंगमध्ये मंजूर सरफेस लॉक करून ठेवलाय आणि डिझाइनसाठी त्याची कॉपी वापरतात. पावसाळ्यात दोन नाल्यांनी काठ बदललेत, तिथे ऑक्टोबरनंतर नव्याने लेव्हल घ्याव्या लागणार. त्या मंजूर सरफेसमध्ये घालायच्या नाहीत, नव्या तारखेचा वेगळा सरफेस करायचा आणि जुन्या ब्रेकलाइन त्या भागापुरत्या बदलायच्या असं सल्लागारांशी बोलून ठरलंय, त्याचं पत्र कालच गेलं.